सायकल दारी

भीमाप्पांना सरळ रेघ मारता यायची. त्यात काय एवढं, असं ज्यांना वाटत असेल त्यांनी आधी भरबाजारात, पायाखाली तापलेलं डांबर, मागं "सरक रं" म्हणून ओरडणारा गाडीवान आणि पुढं रेघेच्या वाटेतच बैठक मारलेली म्हैस, अशा थाटात दोनशे फूट रेघ मारून दाखवावी आणि मग माझ्याशी वाद घालावा. मी बेळगावात रस्त्यांच्या कचेरीत एकतीस वर्षं कारकुनी केली. इंजिनिअर पाहिले, ओव्हरसियर पाहिले, कंत्राटदार तर इतके पाहिले की नुसत्या आठवणीनं अजून पित्त खवळतं. त्या सगळ्यांत ज्याच्या कामात कधी वाकडं निघालं नाही असा एकच माणूस होता, आणि त्याचं नाव हजेरीपटावर शेवटून तिसरं होतं.

भीमाप्पा कंग्राळीचे. वडिलांनी जन्मभर रस्त्याची खडी फोडली. छप्पन्न साली घरात बुद्धाची तसबीर आली, तेव्हा त्यांनी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं की हातोडा आता माझ्यापाशी संपला. भीमाप्पा त्या वेळी तेवीस वर्षांचे, शाळा चौथीत सुटलेली. हातोडा संपला खरा, पण त्याच्या जागी हातात आलं ते गटारकामाचं खोरं. एकदा कचेरीच्या पेंटरनं दांडी मारली आणि 'रस्ता बंद आहे' ही पाटी तातडीनं हवी होती. गटारातून वर येऊन भीमाप्पा म्हणाले, "मी लिवतो." त्यांनी ती अशी लिहिली की रस्ता सुरू झाल्यावरही लोक पाटी बघायला थांबायचे. 'बंद'वरचा अनुस्वार त्यांनी सगळ्यात शेवटी, दोन पावलं मागं सरून, मान तिरकी करून, नवरीच्या कपाळाला कुंकू लावावं तसा दिला होता. तेव्हापासून खोरं सुटलं ते सुटलं.

ते माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे होते आणि मी त्यांना अरे-तुरे करायचो. तशीच रीत होती, असं म्हणून मी स्वतःला बरीच वर्षं माफ केलं. मी गावातल्या वकिलाचा मुलगा, टेबलामागं बसणारा. ते मला "शरदराव" म्हणत आणि मी त्यांना "ए भीमाप्पा". आज लिहिताना मला त्याची चांगलीच लाज वाटते.

त्यांना एकुलती एक मुलगी, बेबी. दाखल्यावरही बेबीच. चांगलं नाव काढू, काढू म्हणेपर्यंत पोरगी शाळेत जाऊन बसली. तिला सायकल शिकवली ती भीमाप्पांनीच, आणि शिकवण्याची त्यांची पद्धत जगावेगळी होती. रविवारी, आपण मारलेल्या एखाद्या वाळलेल्या रेघेवर तिला आणायचं आणि सांगायचं, "रेघ सोडायची न्हाय. चाक भाईर गेलं की पुन्यांदा पयल्यापासनं." सायकल बापाचीच, बावीस इंची, मधे दांडा असलेली. आठवड्याभरात पोरगी चार बोटं रुंदीच्या रेघेवरून अशी जायची की सर्कशीतल्या बाईनं येऊन शिकवणी लावावी.

एकोणऐंशी साली बेबी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. त्यांच्या वस्तीतून कॉलेजला जाणारी ती पहिलीच मुलगी. सकाळी साडेसातला प्रॅक्टिकल असायचं, आणि कंग्राळीची पहिली बस गावात यायची पावणेनऊला, तीही ड्रायव्हरचा चहा वेळेत झाला तर. म्हणजे सायकल नसेल तर प्रॅक्टिकल नाही आणि प्रॅक्टिकल नसेल तर डिग्री नाही, इतकं ते सोपं गणित होतं.

वाटेत भांडी बाजार लागायचा. रुंदी म्हणाल तर बऱ्यापैकी, पण दोन्ही बाजूंनी दुकानदारांनी हंडे, घागरी, पराती रस्त्यावर मांडलेल्या, आणि मधून मालट्रक असे जायचे की जणू त्यांच्या आजोबांनी तो रस्ता बांधून दिला होता. एका सकाळी अशाच एका ट्रकनं बेबीला कडेला दाबलं, आणि ती सायकलीसकट चिंतामणशेटच्या हंड्यांच्या उतरंडीत शिरली. उजवा हात मोडला. चिंतामणशेट म्हणजे त्या बाजारातल्या दुकानदारांचे पुढारी. त्यांनी आधी हंडा किती चेपला ते पाहिलं आणि मग पोरीकडे पाहिलं. हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे, त्यामुळं इथं लिहायला हरकत नाही.

बेबीच्या आईचं नाव यल्लव्वा. तिनं रडारड केली नाही. सायकल गोठ्याच्या खांबाला साखळीनं बांधली, कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला खोचली. "प्लास्टर निगायला दीड महिना हाय," ती नवऱ्याला म्हणाली. "तंवर तुमचा रस्ता सुदारला तर बगू. न्हायतर लोंढ्याचं स्थळ आलंय, पोरगा रेल्वेत हाय. हातपाय धड हाईत तंवर देऊन टाकू."

दुसऱ्या दिवशी भीमाप्पा माझ्या टेबलासमोर उभे राहिले. "शरदराव, भांडी बाजारात सायकलीस्नी येगळी वाट पायजे. आनि नुसती रेघ न्हवं. ट्रकाचं चाक आत येऊच नये अशी कायतरी."

"अरे, तुझ्या पोरीसाठी आख्खा बाजार हलवायचा?" मी म्हणालो.

"पोरीसाठीच म्हणा की. पर तिथनं दूधवाले, पोस्टमन, कापड गिरणीचे समदे सायकलीवरनंच जातात. त्येंच्या आयांनी किल्ल्या काडून घेतल्या न्हाईत एवढंच."

मी कागद ओढला आणि अर्ज लिहून दिला. आमचे साहेब नवीन होते, धारवाडकडचे, तरुण, आणि कसल्याशा मासिकात सायकलींच्या वेगळ्या वाटांचे फोटो पाहून आलेले. त्यांनी अर्ज वाचला आणि खूष झाले. ट्रक अडवायला रेघेवर दगड लावायला मात्र ते तयार नव्हते. दगडांत बैलगाड्यांची चाकं अडकतील म्हणाले. दुकानांच्या पायऱ्यांपासून सहा फुटांवर पांढरी रेघ मारायची, टोकाला पाटी लावायची, महिनाभर बघायचं, जमलं तर ठेवायचं, नाहीतर पुसून टाकायचं, असं ठरलं. भीमाप्पा नुसतेच "व्हय जी" म्हणाले. नुसत्या रेघेला ट्रक किती भितो हे त्यांना ठाऊक होतं, पण काहीच नसण्यापेक्षा रेघ बरी.

आता पाटीची गोष्ट सांगायला हवी, आणि ती सांगताना मला माझी अब्रू थोडी बाजूला ठेवावी लागणार आहे.

आमच्या कचेरीत हुकूम कन्नडमध्ये निघायचे, फाइल इंग्रजीत चालायची आणि भांडणं मराठीत व्हायची. मला कन्नड फाडफाड बोलता यायचं, पण लिपीचं आणि माझं कधी जमलं नाही. म्हणून साहेब कन्नडमध्ये सांगत ते मी देवनागरीत उतरवून घ्यायचो. अर्ध्या कचेरीची हीच तऱ्हा होती. आमच्या चिठ्ठ्या वाचून कन्नड माणूस गोंधळायचा आणि मराठी माणूस घाबरायचा, पण कामं अडत नव्हती. त्या दिवशी साहेब जीपमध्ये चढता चढता म्हणाले, "सायकल दारी अंत बरी." म्हणजे 'सायकल दारी' असं लिही. कन्नडमध्ये दारी म्हणजे वाट, रस्ता. मी चिठ्ठीवर लिहिलं: पाटी मराठीत व कन्नडमध्ये, मजकूर 'सायकल दारी'.

भीमाप्पांनी चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली. "शरदराव, कानडीत ठीक हाय. मराठीत 'दारी' म्हंजी येगळंच हुतंय न्हवं?"

माझं त्या दिवशी वार्षिक पत्रकांचं काम चाललं होतं आणि डोकं तापलेलं होतं. "लिहिलंय तसं रंगव," मी खेकसलो. "तू पेंटर आहेस की पंडित?"

त्यांनी लिहिलंय तसं रंगवलं. पहाटे बाजार उघडण्याआधी सूत धरून रेघ मारली, टोकाला पाटी रोवली. वरच्या ओळीत कन्नड, खालच्या ओळीत ठसठशीत देवनागरीत 'सायकल दारी'.

इकडे दुकानदार मोर्चाच्या तयारीत होते. हंडे मांडायची जागा सायकलवाल्यांना जाणार म्हणून चिंतामणशेटनी घोषणासुद्धा बसवल्या होत्या. दहा वाजता मंडळी पाटीपाशी जमली, चिंतामणशेटनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं, "सायकल दारी." पुन्हा वाचलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर पहाट झाली. सायकल दारी! म्हणजे गिऱ्हाइकानं सायकल थेट दुकानाच्या दारी लावायची! सरकारनं पांढऱ्या रेघेनं जागा आखून दिली! "आन आपुन कुनाविरुद्ध मोर्चा काडत हुतो रं?" असं म्हणून त्यांनी घोषणांचे कागद खिशात घातले आणि पाटीला झेंडूचा हार घातला. दुसऱ्या दिवशी हंडे आपणहून आत गेले, कारण गिऱ्हाइकांच्या सायकलींना जागा हवी होती. आम्ही पाच वर्षं नोटिसा देऊन जे झालं नाही ते एका चुकीच्या शब्दानं झालं.

सायकलींची वाट मात्र सायकलींनीच बुजली. आठ दिवसांत त्या सहा फुटांत दारोदारी सायकली, काही भिंतीला टेकलेल्या, काही एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या. आतून माणूस चालत जाईना, तर सायकल कुठली जाते? सायकलवरून जाणारे पुन्हा रेघेबाहेर, ट्रकांच्या तोंडी. साहेबांनी एकदा जीपमधून पाहिलं आणि पाटी मराठी येणाऱ्या शिपायाकडून समजून घेतली. मग मला आत बोलावलं. "सोमवारी मी स्वतः येतो," ते म्हणाले. "सोमवारपर्यंत वाट मोकळी दिसली नाही तर रेघ पुसायची, पाटी उपटायची. आणि त्या पेंटरला मेमो द्या."

सोमवारीच बेबीचं प्लास्टर निघायचं होतं.

मी कागद पुढं घेतला, मेमोची पहिली ओळ लिहिली आणि हात थांबला. आत जाऊन साहेबांना सांगितलं की चूक माझी, चिठ्ठी माझी, आणि त्या माणसानं मला विचारलंही होतं. साहेब फाइल मिटत म्हणाले, मेमो कुणाला द्यायचा ते सोमवारी ठरवू. मी तिथून निघालो तो थेट भांडी बाजारात. भीमाप्पा चिंतामणशेटच्या पायरीवर बसून चहा पीत त्या सायकलींच्या गर्दीकडे बघत होते. मी म्हणालो, "भीमाप्पा, माझं चुकलं. तुम्ही सांगितलं होतं." त्यांना पहिल्यांदाच मी तुम्ही म्हणालो. त्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे, कारण ते मधेच उठले.

त्यांनी भिंतीला टेकलेली एक सायकल उचलली, पांढऱ्या रेघेवर नेऊन स्टँडवर उभी केली आणि परत पायरीवर येऊन बसले. मग दुसरी नेली, तिच्याशेजारी लावली. मग तिसरी. पायरी आणि सायकलींच्या मधे मोकळी जागा राहिली. भीमाप्पा त्या जागेतून चालत गेले, हात पसरून पाहिले आणि हसत सुटले.

"शरदराव, सायकली हाकलायच्या न्हाईत. सरकवायच्या. भिताडाला लागल्या तर वाट बुजती. रेघंवर लागल्या तर त्येंचंच भिताड हुतंय!"

"आणि ट्रक?"

"ट्रकवाला माणसाला भीत न्हाय. पर ह्या साठ सायकली एकीवर एक पडल्या तर साठ मालक दुकानातनं भाईर येतील, त्येला भील का न्हाय?"

शुक्रवार, शनिवार आणि रविवार, पहाट ते दहा, भीमाप्पा रस्त्यावर गुडघे टेकून होते. सूत मी धरलं. होय, मी. वकिलाचा मुलगा धोतर खोचून भांडी बाजारात उकिडवा बसला, आणि आमच्या गल्लीतल्या लोकांना वर्षभर पुरेल एवढा विषय मिळाला. सूत सैल पडलं की भीमाप्पा म्हणायचे, "शरदराव, तुमी कारकून हाय का पंडित? ताठ धरा की." हिशेब चुकता झाला, आणि मला तो मुकाट्यानं सोसावा लागला. रेघेच्या बाहेरच्या अंगाला त्यांनी तिरक्या खुणा आखल्या, एकेका सायकलीला एकेक. आतले सहा फूट संपूर्ण मोकळे. चिंतामणशेटना समजावलं की दारासमोरच सायकल आहे, फक्त पायरी सोडून चार पावलांवर. ते म्हणाले, "दारात काय आन दारासमोर काय, गिऱ्हाईक दिसतंय न्हवं?" आणि त्यांनी स्वतःची सायकल पहिल्या खुणेत लावली.

सोमवारी दहाला साहेब आले. कोपऱ्यावर दुसऱ्या बाजूनं यल्लव्वा आली, बरोबर बेबी, दवाखान्यातून थेट. बेबीचा हात प्लास्टरमधून निघून पांढराफटक आणि बारीक दिसत होता. यल्लव्वानं पदर खोचला आणि पाटीखाली ठाण मांडलं. साहेब त्या बाजूला, यल्लव्वा ह्या बाजूला, आणि मधे भीमाप्पा हातात कोरडा ब्रश घेऊन. दोघांपैकी कुणाची भीती त्यांना जास्त वाटत होती ते मला त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं, आणि ते साहेब नव्हते.

आतल्या वाटेनं कॅन लटकावलेला दूधवाला गेला. पोस्टमन घंटी वाजवत गेला. दोन शाळकरी मुली गप्पा मारत जोडीनं आत शिरल्या, आणि त्यांना त्या वाटेत गप्पा मारणं परवडलं हेच मला फार वाटलं. तेवढ्यात मालट्रक आला. समोरून बैलगाडी, म्हणून ड्रायव्हरनं नेहमीप्रमाणं कडेला घेतलं. त्याचा लाकडी कठडा पहिल्या सायकलीच्या हँडलला घासला. ती कलंडली, तिनं दुसरीला घेतलं, दुसरीनं तिसरीला, आणि अख्खी रांग खणाखणा वाजत आडवी झाली. बाजारात इतका आवाज तर हंडे पडल्यावरही होत नाही. दुकानादुकानांतून मालक आणि गिऱ्हाइकं धावली. सगळ्यात पुढं चिंतामणशेट, कारण पहिली सायकल त्यांची. ड्रायव्हर कचकन ब्रेक मारून, हात जोडून खालीच उतरला.

आणि सायकलींच्या त्या पडलेल्या भिंतीच्या अलीकडं, त्या दोन मुली पाय टेकून उभ्या होत्या. साधं खरचटलंसुद्धा नव्हतं. एकीनं म्हटलं, "बाई गं!" आणि दोघी पुढं निघून गेल्या.

यल्लव्वा त्या मुली वळणापाशी दिसेनाशा होईपर्यंत बघत राहिली. मग तिनं वर पाहिलं. "बेबे, ह्या पाटीवर काय लिवलंय गं?"

बेबी बापाकडे बघून हसली. "सायकल दारी."

"म्हंजी?"

मी लगबगीनं पुढं झालो. साहेबसुद्धा पुढं झाले. मी म्हणालो, "आक्का, ते चुकलंय, माझी चूक आहे. कानडीत त्याचा अर्थ वाट. मराठीत ते सायकल दाराशी असं होतं. उद्या दुरुस्त करू."

"कशापायी?" यल्लव्वा म्हणाली. "रोज सांच्याला मी दुसरं काय बगत हुतो? पोरीची सायकल दारी दिसली की चूल पेटवायची. न्हाय दिसली की रस्त्यावर जाऊन हुबं ऱ्हायाचं. बराबर लिवलंय की. ज्येनं लिवलं त्येला आईचं कळतंय."

साहेबांना मराठी फार येत नव्हतं, पण हे कळलं. ते मला म्हणाले, "हागे इरली." तसंच राहू दे. मी खिशातली चिठ्ठी काढली आणि देवनागरीत लिहून घेतलं. मेमोचं त्यांनी पुन्हा नाव काढलं नाही, मीही काढलं नाही.

यल्लव्वानं कनवटीची किल्ली काढली. बेबीनं उजवा हात पुढं केला, तो पुरता सरळ होईना, म्हणून डावा केला. आईनं किल्ली त्या हातावर ठेवली आणि नवऱ्याकडं वळून म्हणाली, "लोंढ्याच्या पावन्यास्नी कळवा. पोरीची परीक्षा झाल्याबिगर बोलनं न्हाय."

भीमाप्पांनी कोरडा ब्रश रंगात बुडवला. खाली बसून ट्रकाच्या चाकानं पुसट झालेली एक खूण पुन्हा रंगवायला लागले.

हात बळकट व्हायला आणखी तीन आठवडे लागले. बेबी पहिल्यांदा कॉलेजला गेली त्या दिवशी माझं कचेरीत लक्ष लागेना. संध्याकाळी काहीतरी कागद द्यायचा आहे असं निमित्त काढून मी कंग्राळीला गेलो. यल्लव्वा उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसली होती. आत चूल पेटली होती. दाराशी बावीस इंची सायकल उभी होती, चाकाला भीमाप्पांनी त्या पहाटे पुन्हा मारलेल्या रेघेचा ताजा पांढरा रंग लागलेला. म्हणजे पोरीनं अजून रेघ सोडली नव्हती.

तरी मला राहवेना. "बेबी आली का, आक्का?" मी विचारलं.

यल्लव्वानं सुपातून मान वर केली. "तुमास्नी वाचाय येतंय न्हवं, शरदराव?"